कोंडाण्याचा सातबारा : यंत्रस्थित आणि जालस्थित आज्ञावलींचा एक इतिहास

१. प्रास्ताविक

कर्जतहून राजमाचीच्या पायथ्याकडे निघालेला अभ्यासक कोंडाण्याच्या लेण्यांपाशी येऊन थांबतो, तेव्हा त्याला प्रथम जाणवते ती एक विसंगती. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातील हा चैत्य अखंड पाषाणात कोरलेला आहे. परंतु त्याचे सारे रूप सुताराच्या हातचे आहे. तुळया, सज्जे, जाळीदार कठडे, कमानींची टोके ही सर्व लाकूडकामाची अंगे असून दगडाला त्यांची काहीही गरज नव्हती. माध्यम बदलले, तरी रूप तेच राहिले. दर्शनी भागातील ब्राह्मी लेखावरून हे काम कान्ह याच्या बलक नामक शिष्याने केल्याचे कळते. बलकाने लाकडी इमारतीची प्रतिकृती डोंगरात कोरली आणि तसे करताना एक मोठी देवघेव केली. लाकडी इमारत कोणत्याही गावी उभारता येते, पण ती कुजते. कोरीव लेणे टिकते, पण ज्या डोंगरात कोरले त्या डोंगराचेच होऊन राहते. ते उचलून नेता येत नाही.

प्रस्तुत लेखाचा विषय लेणी हा नाही. तथापि याच कोंडाणे परिसरातील शेतजमिनीच्या अभिलेखांनी गेल्या सुमारे चाळीस वर्षांत तशाच स्वरूपाचे स्थित्यंतर अनुभवले आहे. संगणकाच्या आज्ञावली, अर्थात सॉफ्टवेअर, दोन प्रकारांनी नांदतात. एक प्रकार विशिष्ट यंत्रात आणि विशिष्ट ऑपरेटिंग सिस्टिमवर बसविलेला असतो. त्यास येथे ‘यंत्रस्थित’ म्हटले आहे. दुसरा प्रकार दूरच्या सर्व्हरवर वास करतो आणि ब्राउझरच्या द्वारे कोणत्याही यंत्रावर प्रकट होतो. त्यास ‘जालस्थित’ म्हटले आहे. या दोहोंतील वाद बहुधा वेग, सोय आणि खर्च यांच्या परिभाषेत मांडला जातो. इतिहासाच्या अभ्यासकाच्या दृष्टीने मात्र त्यातील मूळ प्रश्न निराळा आहे. अभिलेखाची खरी प्रत कोठे राहते, ती कोणाला पाहता येते, आणि ती चुकली तर कोणाला दुरुस्त करता येते? सातबाऱ्याच्या उदाहरणावरून या प्रश्नाचा विचार करण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

२. दप्तराची पूर्वपीठिका

मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीची पद्धत १९०३ च्या चौथ्या कायद्याने आली व १९१३ साली ती जमीन महसूल कायद्यात समाविष्ट झाली. गावच्या नमुन्यांची व्यवस्था अँडरसन यांच्या महसुली हिशेबाच्या पुस्तिकेमुळे स्थिर झाली आणि तीच, काही फेरफारांसह, महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ या कायद्याखाली पुढे चालली. गाव नमुना सात म्हणजे अधिकार अभिलेख, नमुना बारा म्हणजे पिकांची नोंद. दोन्ही एकाच कागदावर आल्यामुळे ‘सातबारा’ हा शब्द रूढ झाला. नमुना सहा ही फेरफारांची नोंदवही. विक्री, वारसा, वाटणी, गहाण यांपैकी काहीही घडले की तलाठ्याने नमुना सहामध्ये नोंद करावी, हितसंबंधितांना नमुना नऊची नोटीस द्यावी, पंधरा दिवसांत हरकत न आल्यास मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित करावी आणि मगच ती सातबाऱ्यावर चढावी, असा हा क्रम आहे.

या व्यवस्थेची दोन वैशिष्ट्ये ध्यानात घेण्याजोगी आहेत. पहिले असे, की अभिलेख स्थानबद्ध होता. गावाचे दप्तर तलाठ्याच्या पेटीत असे. ज्याला उतारा हवा त्याने तलाठ्याला गाठावे, हा नियमच होता. मुंबईच्या गिरणीत किंवा गोदीत कामाला गेलेल्या वारसाला गावच्या जमिनीवर कोणता फेरफार पडला हे वर्षानुवर्षे कळत नसे. दुसरे असे, की ही पुस्तके अमर नव्हती. दर दहा वर्षांनी सातबारा नव्या पुस्तकात उतरवून काढण्याची पद्धत होती आणि प्रत्येक पुनर्लेखनात एखादे नाव गळणे, एखादा हिस्सा चुकणे, एखादी बोज्याची नोंद राहून जाणे संभवनीय असे. याचा अर्थ असा, की अभिलेखाचे स्थलांतर हे संगणकाने आणलेले संकट नव्हे. कागदाच्या युगातही ते दर दशकाला होतच होते. फरक एवढाच, की तेव्हा जुने पुस्तक फेकले जात नसे आणि शंका आल्यास ते उघडून वाचता येत असे.

३. यंत्रस्थित कालखंड

भूमि-अभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्रपुरस्कृत योजना १९८८-८९ साली देशातील आठ जिल्ह्यांत प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली. त्यांत महाराष्ट्रातील वर्धा जिल्हा होता. याच सुमारास, मार्च १९८८ मध्ये, पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्राची, म्हणजे सी-डॅकची, स्थापना झाली. आयआयटी कानपूर येथे आरंभ झालेले ‘जिस्ट’ तंत्रज्ञान तेथे वाढीस लागले. संगणकाच्या आत एक स्वतंत्र कार्ड बसवावे म्हणजे पडद्यावर देवनागरी उमटावी, अशी त्या काळची रीत होती. यंत्रस्थित आज्ञावलीचे यापेक्षा शुद्ध उदाहरण सापडणे कठीण. येथे अक्षरसुद्धा यंत्राच्या पोटातील एका विशिष्ट पट्टीवर अवलंबून होते. पट्टी काढली की मराठी नाहीशी.

महाराष्ट्रात राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राच्या पुणे येथील शाखेने सिद्ध केलेल्या ‘एलएमआयएस’ या आज्ञावलीच्या आधारे सातबारा संगणकावर आला. तिचे स्थान तालुका होते. कर्जतच्या गावांचे सातबारे कर्जतच्या यंत्रात, खालापूरचे खालापूरच्या यंत्रात, अशी विभागणी होती. या रचनेचे गुण नाकारता येत नाहीत. यंत्र आणि विदा एकाच खोलीत असल्यामुळे काम जलद होई. दूरच्या जोडणीची गरज नसे. तालुक्याचा अभिलेख तालुक्याच्याच अधिकाऱ्यांच्या ताब्यात राही. सुवाच्य, छापील उतारा हाती पडणे हेच शेतकऱ्याला अपूर्व होते.

दोष मात्र मूलगामी होता. कायद्याने नोंद करण्याचा अधिकार गावच्या तलाठ्याचा, आणि यंत्र तालुक्याला. तलाठी गावी हस्तलिखित सातबाऱ्यावर नोंदी करीत राहिला. त्या नोंदी तालुक्याच्या यंत्रात मागाहून, जमेल तेव्हा, चढत राहिल्या. अशा रीतीने एकाच जमिनीच्या दोन प्रती निर्माण झाल्या आणि त्या हळूहळू एकमेकींपासून दूर जाऊ लागल्या. हस्तलिखितात तीन भावांची नावे, छापील उताऱ्यात दोघांची, असे झाल्यास खरे कोणते? ज्याच्या हाती जो कागद, त्याचे ते खरे. संगणकाच्या छपाईला जो एक निर्विकार अधिकार प्राप्त झाला होता, त्यामुळे चुकीलाही प्रतिष्ठा लाभली. हस्ताक्षरातील खाडाखोड निदान संशय उत्पन्न करते. छापील चूक तसा संशय येऊ देत नाही.

४. अक्षरांचा प्रश्न

सातबाऱ्याची कथा पुढे नेण्यापूर्वी अक्षरांकडे वळणे आवश्यक आहे. कारण यंत्रस्थित व्यवस्थेची सर्वांत मोठी किंमत मराठी वाङ्मयाने तेथेच मोजली. देवनागरीसाठी ‘इस्की’ ही भारतीय प्रमाणसंहिता १९९१ साली निश्चित झाली. परंतु छपाईच्या व्यवसायात तिचे राज्य चालले नाही. पुण्याच्या श्री-लिपीसारख्या, तसेच आकृतीसारख्या टंक-संचांनी आपापली संकेतव्यवस्था ठेवली. पडद्यावर ‘क’ दिसे, पण यंत्राच्या लेखी तेथे एखादे रोमन अक्षर किंवा चिन्ह असे. तोच मजकूर दुसऱ्या यंत्रावर नेला आणि तेथे तो टंक नसला, तर वाचकापुढे रोमन अक्षरांचा अर्थशून्य ढीग पडे.

प्रस्तुत लेखकाने नव्वदीच्या दशकात लेण्यांतील लेखांची आणि काही मोडी कागदांची लिप्यंतरे अशाच एका टंकात करून ठेवली होती. ती ज्या यंत्रावर केली ते यंत्र गेले, टंकाची चकती बुरशीने गेली, आणि आज त्या धारिका शाबूत असूनही वाचता येत नाहीत. मूळ मोडी कागद मात्र वाचता येतात. दोनशे वर्षांपूर्वीच्या कारकुनाचा हात जाणकाराला आजही कळतो. आपलाच पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचा हात आपल्याला कळत नाही, ही अवस्था इतिहासाच्या शिक्षकाला लज्जास्पद वाटावी अशी आहे.

युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली व तिच्यातील देवनागरीची मांडणी इस्कीच्या पूर्वीच्या मसुद्यावर आधारलेली होती. परंतु ती सामान्य संगणकावर व्यवहार्य झाली ती विंडोज २००० नंतर. मधल्या काळात मराठी वृत्तपत्रे जालावर आली तेव्हा ‘गतिशील टंक’ नावाची युक्ती वापरली गेली. पानाबरोबर टंकही वाचकाच्या यंत्राकडे पाठवावयाचा, ही कल्पना चांगली होती. पण त्यांपैकी मायक्रोसॉफ्टची टंकपद्धती केवळ इंटरनेट एक्सप्लोररलाच उमगत असे. जालावर असूनही मजकूर एका ब्राउझरचा बंदिवान राहिला. ‘जालस्थित’ म्हणजे ‘सर्वत्र उपलब्ध’ असे समीकरण मांडण्यापूर्वी हा अनुभव स्मरणात ठेवावा. सर्वत्र संचार करण्याचे सामर्थ्य जालामुळे आले नाही. ते सर्वमान्य संहितेमुळे आले. जालाने त्या संहितेची निकड उत्पन्न केली, इतके श्रेय त्यास निश्चित द्यावे लागेल.

५. जालस्थित कालखंड

टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली मांडलेली जालाची कल्पना परस्परांशी जोडलेल्या दस्तऐवजांची होती. जालपानावर काम करणे हा नंतरचा विस्तार होय. १९९५ साली सन या कंपनीने जावा ही भाषा आणली, तेव्हा एकदा लिहावे आणि कोणत्याही यंत्रावर चालवावे, हे तिचे ब्रीद होते. पुढे २००४ चे जीमेल व २००५ चे गूगल नकाशे यांनी ब्राउझरमध्ये पूर्ण आज्ञावली नांदू शकते हे लोकांच्या प्रत्ययास आणून दिले. २००८ साली केंद्र सरकारने भूमि-अभिलेख आधुनिकीकरणाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला, त्याची पार्श्वभूमी ही अशी होती.

महाराष्ट्रात त्यातून ‘ई-फेरफार’ ही जालस्थित प्रणाली आली. दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदला की त्याची माहिती तहसील कार्यालयाकडे जावी, तलाठ्याने त्यावरून फेरफार घ्यावा, नोटीस निघावी, मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित करावे आणि सातबारा त्याच ठिकाणी बदलावा, अशी ती योजना. कायद्यातील क्रम तोच राहिला. पंधरा दिवसांची मुदतही तीच. कोंडाण्याच्या शिल्पकाराने लाकडाचे रूप दगडात उतरवावे, त्याप्रमाणे नमुना सहा, सात, नऊ आणि बारा ही कागदाची रूपे जशीच्या तशी पडद्यावर उतरली.

परंतु त्याआधी जुन्या पापाचे परिमार्जन आवश्यक होते. तालुक्यातालुक्यांच्या यंत्रांतील विदा एकत्र आणली, तेव्हा हस्तलिखित आणि संगणकीय प्रतींतील तफावत उघड झाली. राज्यातील सुमारे अडीच कोटी सातबारे तपासून दुरुस्त करण्याचे काम निघाले. या दुरुस्तीसाठी खास आज्ञावली-घटक तयार झाले हे खरे. परंतु २०१७ साली योजलेला उपाय त्याहून बोलका आहे. गावोगाव ‘चावडी वाचन’ करण्यात आले. संगणकातून काढलेले सातबारे गावकऱ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवावयाचे आणि ज्याची नोंद चुकली असेल त्याने तेथेच सांगावयाचे. सर्वांत नव्या प्रणालीची शुद्धता सिद्ध करण्यास सर्वांत जुनी प्रणाली, म्हणजे गावाची स्मृती, साक्षीस बोलवावी लागली.

१ मे २०१८ पासून अंकीय स्वाक्षरीचा सातबारा जालावर मिळू लागला. पुढे पंधरा रुपये भरून तो कोठूनही काढण्याची सोय झाली. विनामूल्य पाहावयाचा उतारा महाभूलेख या स्थळावर सहा महसुली विभागांनुसार लावलेला आहे. कोकण विभाग, रायगड जिल्हा, कर्जत तालुका, मग गाव, असा उतरत जाणारा तो मार्ग आहे. मात्र तो उतारा केवळ माहितीसाठी असतो. कायदेशीर कामास स्वाक्षरीचाच लागतो. कर्जत-खालापूर भागात मुंबई आणि पुणे यांच्या मधोमध असल्यामुळे शेतजमिनीला मोठी मागणी आहे. वडिलांच्या नावावरील जमिनीवर काही नोंद पडली काय, हे मुंबईतील चाळीत बसून आज पाहता येते. तलाठ्याच्या पेटीत जे शतकभर बंद होते ते उघडे झाले, हा लाभ लहान नव्हे. लबाडीला सर्वांत मोठा आधार अज्ञानाचा असतो, आणि तो आधार बऱ्याच अंशी गेला.

तरीही ही व्यवस्था समजली जाते तितकी यंत्रनिरपेक्ष नाही, हे अंकीय स्वाक्षरीच्या इतिहासावरून दिसते. स्वाक्षरीची किल्ली एका लहान यूएसबी उपकरणात असते. ब्राउझरला सुरक्षिततेच्या कारणास्तव अशा उपकरणाला सहसा हात लावता येत नाही. म्हणून अनेक शासकीय स्थळांनी जावाची जोड-आज्ञावली वापरली. २०१५ साली क्रोमने आणि २०१७ साली फायरफॉक्सने अशा जोडांचा आधार काढून घेतला, तेव्हा देशभरातील अनेक स्थळांवर स्वाक्षरीचे काम अडू लागले. त्यावर उपाय म्हणून यंत्रात एक छोटी आज्ञावली बसवावयाची आणि तिने ब्राउझरशी संधान बांधावयाचे, अशी रीत पडली. जे दारातून काढले ते खिडकीतून परत आले. १५ जून २०२२ रोजी इंटरनेट एक्सप्लोररही निवृत्त झाला आणि केवळ त्याच्याच भरवशावर बांधलेली स्थळे अडचणीत आली. यंत्रस्थित आज्ञावली तिच्या यंत्राबरोबर म्हातारी होते. जालस्थित आज्ञावली दुसऱ्याच्या निर्णयाने एका रात्रीत म्हातारी होऊ शकते.

दुसरी अडचण सर्वपरिचित आहे. ‘सर्व्हर बंद आहे’ हे वाक्य आज ग्रामीण महाराष्ट्रात पूर्वीच्या ‘तलाठी भाऊसाहेब गावात नाहीत’ या वाक्याच्या जागी येऊन बसले आहे. पूर्वी एका तालुक्याचे यंत्र बिघडले तर एका तालुक्याचे काम थांबे. केंद्रित व्यवस्थेत अडथळा आला की तो सर्वांचा एकदम येतो. आणि सह्याद्रीच्या कुशीतील ठाकूर-कातकरी वाड्यांना, जेथे डोंगराच्या आडोशामुळे दूरध्वनीची लहरच क्षीण होते, तेथे सर्व्हर चालू असला तरी तो असून नसल्यासारखाच.

६. यंत्राकडे पुनरागमन

या इतिहासाला अलीकडे एक वळण मिळाले आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून ‘ई-पीक पाहणी’ राज्यभर सुरू झाली. नमुना बारामधील पिकाची नोंद, जी पूर्वी तलाठी करीत असे, ती शेतकऱ्याने स्वतः आपल्या भ्रमणध्वनीवरून करावयाची आहे. त्यासाठी अँड्रॉइडवर चालणारी आज्ञावली दूरध्वनीत बसवावी लागते; कारण पिकाचे छायाचित्र आणि जागेचे अक्षांश-रेखांश ही कामे यंत्राच्या अवयवांशी निगडित आहेत. अर्थात सातबाऱ्याचा सात जालस्थित झाला असताना बारा पुन्हा यंत्रस्थित झाला.

जगाच्या इतिहासातही असेच घडलेले आढळते. आयफोन २००७ साली निघाला तेव्हा अॅपलने बाहेरच्या लेखकांना जालपानेच लिहिण्यास सांगितले होते. पुढच्याच वर्षी जुलैमध्ये कंपनीला यंत्रस्थित आज्ञावलींचे भांडार उघडावे लागले. उलट दिशेने, २०१३ साली गिटहब येथे जन्मलेल्या इलेक्ट्रॉन या चौकटीने जालाच्या तंत्राने लिहिलेली आज्ञावली मेजावरील संगणकात बसविण्याची वाट दाखविली. तिने एकाच लिखाणातून विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींची सोय होते. मात्र प्रत्येक आज्ञावली स्वतःच्या पोटात एक संपूर्ण ब्राउझर वाहून आणते, आणि कार्यालयातील जुन्या, अल्प स्मृतीच्या संगणकाला तो भार जड जातो. तेव्हा दोन प्रकारांपैकी एक हरला आणि दुसरा जिंकला, असे विधान वस्तुस्थितीला धरून होणार नाही. ते एकमेकांच्या घरी राहावयास गेले आहेत, इतकेच.

७. निष्कर्ष

वरील विवेचनावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात.

पहिली, की अभिलेख आणि आज्ञावली यांत भेद केला पाहिजे. आज्ञावली अल्पायुषी असणारच. ‘एलएमआयएस’ मागे पडली, तशी ई-फेरफारही केव्हातरी मागे पडेल. अभिलेख मात्र तिच्याबरोबर जाता कामा नये. तो सर्वमान्य संहितेत, कोणत्याही आज्ञावलीला वाचता येईल अशा स्वरूपात असला, तर आज्ञावली यंत्रस्थित असो की जालस्थित, भय नाही.

दुसरी, की पाहण्याची सोय आणि दुरुस्त करण्याचा अधिकार या दोन भिन्न गोष्टी आहेत. जालाने पहिली सर्वांना दिली. लेखनप्रमाद दुरुस्त करण्यासाठी मात्र संहितेच्या १५५ व्या कलमाखाली आजही तहसीलदाराकडेच अर्ज करावा लागतो. नोंद कोठूनही दिसते म्हणून ती कोठूनही सुधारता येते, असा समज करून घेणे हानिकारक आहे.

तिसरी, की केंद्रित प्रतीला स्थानिक साक्ष हवी. चावडी वाचनाने जे काम केले ते कोणत्याही सर्व्हरला करता आले नसते. म्हणून ते एकदाच करून न थांबता ठरावीक वर्षांनी व्हावे, आणि प्रत्येक गावच्या अभिलेखाची एक छापील, दिनांकित प्रत गावातच राहावी. दर दहा वर्षांच्या पुनर्लेखनात जुने पुस्तक जपून ठेवण्याची जी शहाणीव होती, ती नव्या व्यवस्थेने टाकून देण्याचे कारण नाही.

कार्ल्याच्या चैत्यात छताच्या लाकडी फासळ्या आजही जागच्या जागी आहेत. म्हणजे दगड आणि लाकूड एकत्र नांदल्याचे उदाहरणही आपल्याच घाटमाथ्यावर उपलब्ध आहे. जे टिकावयाचे ते दगडात आणि जे बदलावयाचे ते लाकडात, असा विवेक तेथे हेतुपुरस्सर झाला होता काय, हा वादाचा विषय होईल. आपल्यापुढील अभिलेखांच्या बाबतीत मात्र तो विवेक हेतुपुरस्सरच करावा लागेल. कोंडाण्याच्या लेण्यावरील बलकाचे नाव दोन हजार वर्षांनंतरही वाचता येते. त्याच डोंगराखाली भात लावणाऱ्या कुळाचे नाव पुढील शंभर वर्षे तरी वाचता यावे, ही अपेक्षा अवास्तव म्हणता येणार नाही.